म्हशीचा सर्व्हर

आमच्याकडे एक सर्व्हर होता आणि तो एका म्हशीसाठी चालायचा. हे मी हॉटेलात कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हशीला इंटरनेट कशाला?" म्हशीला नको होतं हो. माझ्या वडलांना हवं होतं.

त्याचं असं झालं. आबा, म्हणजे माझे वडील, कान्ह्याला राहतात. मी लोणावळ्यात राहतो आणि खंडाळ्याच्या एका हॉटेलात बुकिंगच्या काउंटरवर बसतो. गणपती नुकतेच गेले होते. आबा सकाळी गोठ्यात गेले, स्वतःच्याच म्हशीच्या शेणावरून पाय सटकला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि डॉक्टरांनी बजावलं की दिवाळीपर्यंत जिना नाही, गोठा नाही आणि हट्ट तर अजिबात नाही. आता पुन्हा पडलात तर उठून चालाल याची खात्री मी देत नाही, असं ते आबांना तोंडावर म्हणाले. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् म्हशीचं काय?"

म्हैस गाभण होती. दिवाळीच्या आगेमागे व्यायची होती. गेल्या खेपेला तिचं रेडकू जन्मतानाच गेलं होतं आणि त्या वेळी आबा नेमके कामशेतला एका लग्नात जिलबी खात बसले होते. त्या दिवसापासून त्यांनी जिलबी सोडली. म्हशीचं नाव मी सांगत नाही, कारण आमच्या जवळच्या नात्यातल्या एका बाईंचं तेच नाव आहे आणि त्यांना वाचनाची आवड आहे.

आबांना आम्ही लोणावळ्याला आणलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवलं, आणि वर आल्या क्षणापासून त्यांची खाली जायची भाषा सुरू झाली. कान्ह्याला मागे राहिली आत्या. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, आबा तिला आक्का म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीत तिचं किराणा दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला लागूनच गोठा. म्हशीचं सगळं ती बघत होती आणि आबांपेक्षा चांगलं बघत होती, पण हे आबांना सांगायची हिंमत कुणाची होणार?

"मला ती रोज डोळ्यांनी दिसली पायजे," आबांनी फर्मान काढलं. "ज्या दिवशी दिसनार न्हाई, त्या दिवशी मी जिना उतरनार. मग मोडंना का दुसरा खुबा."

आत्याकडे बटणांचा फोन. स्मार्टफोन तिनं एकदा हातात घेतला होता, पण तो तिच्या बोटाला दाद देईना, म्हणून तिनं तो "ह्याला माणसाची वळख न्हाई" म्हणून परत केला. त्यामुळे व्हिडिओ कॉल वगैरे बाद. माझी बायको म्हणाली, "अहो, बाजारात तयार कॅमेरा मिळतो. भिंतीला ठोका, मोबाइलवर बघा. विषय संपला."

बायकोचं ऐकलं असतं तर ही हकिगत घडलीच नसती. पण त्याच आठवड्यात आमच्या हॉटेलनं रिसेप्शनचा जुना कॉम्प्युटर भंगारात काढला होता, आणि मी तो, वरच्या छोट्या कॅमेऱ्यासकट आणि धुळीसकट, मॅनेजरसाहेबांना विचारून घरी आणला होता. हॉटेलात प्रिंटर अडला की सगळे मलाच हाक मारतात. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला इंजिनिअर समजत होतो. तयार कॅमेरा आणणं मला अपमानाचं वाटलं. मी बायकोला म्हणालो, "कॅमेरा काय कुणीही आणतं. मी सर्व्हर उभा करतो."

"करा," ती म्हणाली. तिच्या या 'करा'मध्ये किती काय असतं ते मला लग्नानंतर इतक्या वर्षांनीही मोजता आलेलं नाही.

सर्व्हर म्हणजे काही आभाळातून पडलेली वस्तू नाही. जो कॉम्प्युटर सतत चालू राहतो आणि कुणी लांबून मागितलं की ते देतो, तो सर्व्हर. आमचा म्हैस द्यायचा. सुट्टीच्या दिवशी मी तो कान्ह्याला नेला, आत्याच्या दुकानात साखरेच्या पोत्याशेजारच्या फळीवर बसवला, मागच्या खिडकीतून लांब वायर टाकून कॅमेरा गोठ्यात आढ्याला बांधला. गावातल्या केबलवाल्यानं दुकानात इंटरनेट आणून दिलंच होतं. संध्याकाळी मी लोणावळ्याला परत आलो, घरातला जुना मोबाइल आबांच्या हातात दिला आणि म्हणालो, "घ्या."

आबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. पडद्यावर म्हशीची पाठ, शेपूट आणि थोडी वैरण दिसत होती. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वाळलीय."

मी म्हटलं, "आबा, मोबाइल आडवा धरा." आडवा धरल्यावर म्हैस पुन्हा जाड झाली आणि आबांचा जीव भांड्यात पडला. मीही कॉलर ताठ करून बायकोकडे बघितलं. ती भाकऱ्या थापत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस गेली. म्हणजे पडदा काळा झाला. "बोंबला," मी म्हटलं आणि आत्याला फोन लावला. मशीनचा दिवा लुकलुकतोय, पण हूं का चूं नाही, असं ती म्हणाली. तेव्हा मला त्या मशीनच्या स्वभावाची पहिली ओळख झाली. कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यांत आधी त्याच्या आतल्या एका चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. वीज किती घ्यायची, पंखा कधी फिरवायचा, कधी झोपायचं, कधी उठायचं हे तो ठरवतो. आमच्या मशीनचा फर्मवेअर झोपायचं तेवढं ठरवायचा. उठायचं त्याच्या लक्षातच राहायचं नाही. मी वरच्या सगळ्या सेटिंगमध्ये 'झोपू नये' असं लिहून ठेवलं होतं. तो वरून हो म्हणायचा आणि मनात आलं की ताणून द्यायचा. आतला सेल बदलला, तरी ते वळण काही सुटेना. रिसेप्शनवर याच्यापुढे दिवसभर कुणी ना कुणी बसून बोटं आपटत असायचं, म्हणून त्याची खोड कधी उघडी पडली नव्हती.

झोपलं की उठवायचा एकच उपाय होता. मागची वायर काढायची, पुढचं बटण दाबून धरायचं, मग सोडून वायर पुन्हा लावायची. "किती वेळ दाबून धरू?" आत्यानं विचारलं. आता तिला सेकंद काय सांगणार? मी म्हटलं, "अर्धा किलो साखर जोखायला लागते ना, तेवढा वेळ." तिला ते लगेच कळलं. पुढे पुढे ती फोनवर गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगायची, "अर्ध्या किलोनं उठंना, आज पाऊण किलो लागली बघ."

मला मात्र त्या फर्मवेअरनं पछाडलं. हॉटेलात काउंटरच्या खाली मोबाइल धरून मी परदेशातल्या लोकांचे सल्ले वाचायचो. एकानं लिहिलं होतं की माउस सतत हलत राहिला तर मशीन झोपत नाही, म्हणून माउस हातातल्या घड्याळावर ठेवा, सेकंदकाटा फिरला की मशीनला वाटतं कुणीतरी काम करतंय. मला ही युक्ती इतकी आवडली की मी आबांचं घड्याळ उशाखालून काढून कान्ह्याला नेलं आणि माउसखाली ठेवलं. दोन दिवस आबा घड्याळ शोधत होते. मग पडद्यावरची म्हैस बघता बघता त्यांनी विचारलं, "माझं घड्याळ कुटंय?"

"माउसखाली आहे," मी म्हणालो.

"उंदराखाली?" आबा उठून बसले. "माझ्या सासऱ्यानं दिलेलं घड्याळ तू उंदराखाली ठिवलंस?"

घड्याळ परत आलं. तसाही त्या युक्तीला फर्मवेअरनं भीक घातली नव्हती. मग मी नवा फर्मवेअर शोधून आणला आणि जुन्याच्या जागी चढवला. त्यानंतर मशीन पूर्वीसारखंच झोपायचं, फक्त जागं असताना पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. दुकानात आलेली गिऱ्हाइकं विचारायची, "मावशी, आत चटनी वाटताय काय?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आत्यानं तराजू, सुरी, अडकित्ता आणि सर्व्हर यांची पूजा केली. मशीनला हळदकुंकू लावलं आणि पंख्याच्या जाळीवरच झेंडूचा भरगच्च हार घातला. मशीन गरम होऊन बंद पडलं. मी फोनवर जरा चढ्या आवाजातच बोललो, "आत्या, त्याचं नाक दाबलंस तू!" ती म्हणाली, "देवाचं नाक रोज दाबतो आमी फुलांनी. देव काय बंद पडला व्हय?" मी तिला हार जाळीवरून काढून मशीनच्या पायाशी ठेवायला सांगितलं.

पण खरी गंमत निराळीच होती आणि तिनं मला पार वेडं केलं. फर्मवेअर झोपायचा तो कधीही, त्याला काळवेळ नव्हती. मात्र त्याशिवाय रोज दुपारी जेवणानंतर आणि रोज दिवेलागणीला पडदा न चुकता काळा व्हायचा. दुपारचा काळोख चार वाजेपर्यंत, संध्याकाळचा थेट सकाळपर्यंत. मी यावर खूप डोकं चालवलं. आधी वाटलं, लोकल जाताना जमीन हादरते त्यानं वायर हलत असेल. मग लोकलचं वेळापत्रक जुळवून बघितलं, तर लोकल दिवसभर जातातच. मग वाटलं, फर्मवेअर मुळात पुण्याकडच्या कुणीतरी लिहिलेला असावा, त्याला दुपारी वामकुक्षी लागते. हे मी बायकोला गंभीरपणे सांगितलं. ती म्हणाली, "तयार कॅमेरा मिळतो."

व्होल्टेजचाही संशय होता. म्हणून मी एक जुना स्टॅबिलायझर नेऊन बसवला. त्याला पुढे गोल फिरवायचं बटण होतं. आत्याला समजावलं, "व्होल्टेज पडलं की हा काटा खाली येतो. काटा खाली आला की हे बटण एक घर पुढे वाढवायचं. लक्षात राहील?"

"न राहायला काय झालं?" आत्या म्हणाली.

तेव्हापासून मी रोज फोन करायचो. "आत्या, दिसत नाहीये गं. मशीन?" "वाढवलं रं," ती सांगायची. मला गहिवरून यायचं. एवढी सत्तरी ओलांडलेली बाई, दुकान, गोठा, शेण, गिऱ्हाईक सगळं सांभाळून माझ्या एका शब्दाखातर व्होल्टेज वाढवते आहे, आणि तो नालायक फर्मवेअर तिच्या कष्टांवर पाणी ओततो आहे. मी त्याला मनात नाही नाही ते बोलायचो. काउंटरवर एकदा मोठ्यानं बोललो तर समोरच्या पाहुण्यांना वाटलं त्यांनाच म्हणालो. त्यांना खोली बदलून द्यावी लागली.

आबा तिकडे पलंगावर धुमसत होते. सकाळी म्हैस दिसली की शांत. दुपारी गेली की म्हणायचे, "झाली म्हस गुल. माझी काठी कुटंय?" काठी बायकोनं कपाटावर ठेवली होती. वॉकर मात्र लपवता येत नव्हता, कारण डॉक्टरांनीच खोलीतल्या खोलीत चालायला सांगितलं होतं. रोज दुपारी वॉकर दारापर्यंत जायचा, बायको आडवी उभी राहायची, चार वाजता म्हैस परत यायची आणि वॉकर पलंगाकडे वळायचा. एकदा का ते जिन्यावर गेले की संपलं, ही धास्ती आम्हा दोघांना चोवीस तास होती. मला तर स्वप्नातसुद्धा जिना दिसायचा.

मग तो दिवस आला. वसुबारस तोंडावर आली होती. सकाळपासून आबा मोबाइलला चिकटले होते. म्हैस उठत होती, बसत होती, मागे वळून बघत होती. "आज," आबा म्हणाले. "आजच व्यानार. तिची शेपटी बघा." मला शेपटीत काही दिसलं नाही, मी कामावर निघून गेलो. सुट्ट्यांमुळे हॉटेल भरत आलेलं, काउंटरवर ही गर्दी. आणि ऐन जेवणाच्या वेळी बायकोचा फोन आला.

"पडदा गेला," ती म्हणाली. "आणि आबा दारातून बाहेर पडलेत. मी थांबवतेय, पण ते ऐकत नाहीत. लोकल पकडतो म्हणतात. तुम्ही या आधी!"

हेल्मेट घालता घालता मी आत्याला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिनं उचलला. मागे म्हशीचं हंबरणं ऐकू येत होतं.

"आत्या, मशीन!" मी ओरडलो.

"वाढवलंय!" तीही ओरडली.

"अगं वाढवलंयस, तर दिसत का नाही?"

"वाढवलंय म्हनूनच दिसत न्हाई! दुकान उघडं टाकून गोठ्यात कशी येनार? सगळंच वाढवलं!"

मी स्कूटरजवळ तसाच उभा राहिलो. दुकान वाढवलं. अरे देवा. दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं. लहानपणापासून ऐकत आलोय. हातातली बांगडी फुटली असं आमच्याकडे बायका म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. आणि दुकानदार संध्याकाळी दुकान बंद करत नाही, वाढवतो. आत्या रोज दुपारी दुकान वाढवायची, आणि त्याबरोबर भिंतीवरचं मोठं बटण खाली करून माझा सर्व्हरही वाढवायची. संध्याकाळी पुन्हा वाढवायची. मला रोज फोनवर प्रामाणिकपणे सांगायचीही. आणि मी, तिच्या मांडीवर वाढलेला गाढव, माझ्याच मायबोलीतला शब्द मला कळला नाही म्हणून परदेशातल्या लोकांना विचारत बसलो होतो की माझा फर्मवेअर दुपारी का झोपतो!

"अगं मग बंद केलं असं सरळ सांगायचं ना!" मी कळवळून म्हणालो.

"बंद?" आत्याचा आवाज एकदम उतरला. "भाऊ हातरुनाला खिळलाय. मी त्याच्या नावानं लावलेल्या वस्तूला बंद म्हनू? माझ्या तोंडाला न्हाई येत तसलं."

पण ती वेळ गहिवरायची नव्हती. "आत्या, आबा जिन्यावर निघालेत," मी म्हटलं. "ते मशीन आत्ताच्या आत्ता... कमी कर. म्हणजे उघड. म्हणजे लाव!" वाढवणेच्या उलट काय म्हणतात ते मला अजूनही सुचलेलं नाही.

तिच्यापुढे म्हैस अडलेली, आणि तिकडे भाऊ जिन्यावर. "लावते," ती म्हणाली आणि फोन तसाच चालू ठेवून पळाली. तिच्या पावलांचा, कुलपाचा, मग बटणाचा आवाज मला ऐकू आला. मग मिक्सरचा आवाज. मग शांतता. "निजलं मुडदं!" आत्या किंचाळली. फर्मवेअर! आज, आत्ता, या घडीला! मी स्कूटर सोडली ती घाटाच्या तोंडापासून लोणावळ्यापर्यंत मला एकही गतिरोधक आठवत नाही. खिशातल्या फोनमधून आत्याचा आवाज येत होता, "अर्धा किलो... पाऊण किलो... एक किलो घे मेल्या, पर ऊठ!"

घरी पोचलो तर आबा दुसऱ्या मजल्याच्या दारापासून एक पायरी खाली आले होते. एका पायात चप्पल, एका पायात नाही. वॉकर वर राहिला होता आणि त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. बायको खालच्या पायरीवर कबड्डीतल्यासारखे हात पसरून उभी होती. आबांचा चेहरा पांढरा पडला होता, पाय थरथरत होता, आणि तरी ते दुसरी पायरी चाचपत होते.

"आबा, बसा," मी म्हणालो. "आहात तिथंच बसा. आत्या लावतेय."

"मागल्या खेपंला मी न्हवतो," आबा म्हणाले. "ती वाट बघत आसंल."

मी त्यांना धरून पायरीवर बसवलं. बायकोनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. पडदा काळाच होता. आम्ही तिघं जिन्यात त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलो आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका फर्मवेअरची मनापासून करुणा भाकली. बाबा रे, तुला हवं तेवढं झोप नंतर, पण आत्ता ऊठ.

आणि पडदा उजळला. आधी नुसतं लुगडं दिसलं. सगळ्या पडद्याभर हिरवं लुगडं. आत्या मशीन लावून धावत गोठ्यात गेली होती आणि बरोब्बर कॅमेऱ्यासमोर पाठ करून वाकली होती.

"आक्का, बाजूला हो!" आबा जिन्यातून ओरडले. कॅमेऱ्याला ना कान ना तोंड, आत्याचा फोन दुकानातच राहिलेला. "आगं बाजूला हो की! काय दिसंना!" खालच्या मजल्यावरचं कुणीतरी दार उघडून घाबऱ्या घाबऱ्या बाजूला झालं.

मग लुगडं हललं. म्हैस आडवी पडली होती. आत्या दोन्ही हातांनी काहीतरी ओढत होती. आबांनी माझं मनगट असं आवळलं की बोटं बधिर झाली. ते पुटपुटत होते, "हळू... तिच्या कळंबरोबर वढ... हां... आता." आत्याला त्यातलं अक्षरही ऐकू जात नव्हतं, तरी ती नेमकं तसंच करत होती. आणि मग वैरणीवर एक ओलं काळं गाठोडं पडलं. ते हललं नाही. आत्यानं गाठोड्याचं नाक पुसलं, फुंकर घातली, पाठीवर थापट्या मारल्या. आणि त्याला कान फुटले. एक कान हलला. मग दुसरा.

"पारडी हाय," आबा म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. बायकोही रडत होती. मी रडत नव्हतो, माझ्या डोळ्यात हेल्मेटची धूळ गेली होती.

थोड्या वेळानं आत्या हात धुऊन दुकानात आली आणि फोनवर बोलली. मी फोन आबांच्या कानाला लावला. आबांनी नाक ओढलं. "आक्का, बघितली मी. पार सगळं बघितलं. आता दमली आसशील. वाढव आता ते."

"न्हाई वाढवत," पलीकडून आत्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "तू घरी येस्तवर न्हाई वाढवत. मला काय ठावं तू जिन्यानं निघशील? आता तूच ये, मग बघू."

आणि खरंच तिनं नाही वाढवलं. दुपारी दुकानाची फळी लागायची, पण भिंतीवरचं बटण वरच. संध्याकाळी गोठ्यात दिवा लागायचा तो सकाळपर्यंत. फर्मवेअरला कसलं सोयरसुतक? तो आपला मधूनच ताणून द्यायचा. पण पडदा काळा झाला की थोड्याच वेळात परत उजळायचा, कारण आत्यानं अंथरूण दुकानातच आणलं होतं. आबांना हे कळल्यावर ते बिघडले. "म्हातारी माझ्यापायी त्या डब्याशेजारी निजती," ते म्हणायचे आणि वॉकर घेऊन खोलीच्या चकरा मारायचे. डॉक्टर, बायको आणि मी विनवण्या करून जो व्यायाम ते करत नव्हते, तो आता ते न सांगता करायला लागले. चिडले की चालायचे, आणि दिवसभर चिडलेले असायचे.

दिवाळी झाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली. ज्या दिवशी आबा घरी जाणार त्याच दिवशी हॉटेल तुडुंब भरलेलं, मला सुट्टी मिळेना. बायको गाडी करून त्यांना घेऊन गेली. मी काउंटरवर होतो. समोर एक गृहस्थ दरीच्या बाजूचीच खोली पाहिजे म्हणून भांडत होते आणि मी काउंटरच्या खाली मोबाइल धरून गोठा बघत होतो. पारडी आईला लुचत होती. मग चौकटीच्या कडेनं एक काठी आली. मग एक धोतर. आबा हळूहळू पुढे आले आणि म्हशीच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. म्हशीनं त्यांचा सदरा हुंगला. मग त्यांना आठवलं असावं की मी बघत असेन, म्हणून त्यांनी कॅमेऱ्याकडे हात हलवला. कॅमेरा आढ्याला होता आणि ते हात खुंटीकडे हलवत होते, पण मला पोचला.

तेवढ्यात पडदा काळा झाला.

"मेल्या, आत्ताच झोपायचं होतं तुला!" मी मोठ्यानं म्हणालो. दरीवाले गृहस्थ दोन पावलं मागे सरकले. मी आत्याला फोन लावणार, एवढ्यात तिचाच आला.

"आला रं तुझा बाप घरी," आत्या म्हणाली. "वाढवलं."